बागेतील मशागत आणि यंत्राची परीक्षा

प्रास्ताविक

दिल्ली शहराच्या पश्चिम अंगाला, करोलबागेपासून थोड्याच अंतरावर, पुसा या नावाने ओळखला जाणारा एक विस्तीर्ण हिरवा परिसर आहे. येथे भारतीय कृषी संशोधन संस्था आहे. ही संस्था मुळात १९०५ साली बिहारमधील पुसा या गावी सुरू झाली. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारतींची मोठी हानी झाली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला आली. गाव मागे राहिले, पण त्याचे नाव मात्र संस्थेबरोबर दिल्लीत येऊन स्थायिक झाले.

या परिसरात दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस कृषी विज्ञान मेळा भरतो. बियाणे, खते, रोपे यांबरोबरच तेथे नव्या रंगाने चकाकणारी अवजारे मांडलेली असतात. अशा एखाद्या मेळ्यात आपण उभे आहोत अशी कल्पना करा. एक विक्रेता रोटाव्हेटरवर हात ठेवून सांगत आहे, ‘‘अर्ध्या तासात एक एकर! आणि झाडाच्या अगदी बुंध्यापर्यंत!’’ ऐकणाऱ्यांत एक बागाईतदार आहे. त्याची वीस वर्षांची संत्र्याची बाग आहे. मजूर वेळेवर मिळत नाहीत आणि तण वाढते आहे. त्याला यंत्र हवेच आहे. प्रश्न एवढाच, की या दोन वाक्यांवर त्याने किती विश्वास ठेवावा?

या पाठात आपण ट्रॅक्टरने चालणाऱ्या मशागतीच्या अवजारांची परीक्षा कशी घेतात आणि फळबागेत ती परीक्षा वेगळी का असावी लागते, हे पाहणार आहोत. मधूनमधून थोडे गणितही येईल. ते तुम्ही वहीत सोडवून पाहावे.

परीक्षेची गरज कोठून आली?

यंत्राची परीक्षा विकणाऱ्याने नव्हे, तर तिसऱ्याने घ्यावी, ही कल्पना शेतकऱ्यांच्या अनुभवातून आली. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाचे एक शेतकरी होते. त्यांनी विकत घेतलेला ट्रॅक्टर जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे काम करीना. पुढे ते विधिमंडळाचे सदस्य झाले आणि १९१९ मध्ये तेथे कायदा झाला, की विद्यापीठाने परीक्षा घेतल्यावाचून राज्यात ट्रॅक्टर विकता येणार नाही. १९२० पासून लिंकन येथे या परीक्षा सुरू झाल्या. एका फसलेल्या खरेदीतून पुढे जगभर मान्यता पावलेली एक पद्धत उभी राहिली, असे म्हणता येईल.

आपल्या देशात मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून आणि हरियाणातील हिसार येथे १९६३ पासून केंद्र सरकारच्या कृषियंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था काम करीत आहेत. परीक्षा कोणत्या रीतीने घ्यावी, याचे नियम नवी दिल्ली येथील भारतीय मानक ब्यूरो ठरवतो. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेचे हे १९८७ नंतरचे रूप होय. सरकारी योजनेतून अवजारावर अनुदान देताना मान्यताप्राप्त केंद्राचा परीक्षण अहवाल विचारात घेतला जातो. त्यामुळे हा अहवाल केवळ कारखानदाराच्या कपाटातला कागद राहत नाही. शेतकऱ्याच्या खिशाशी त्याचा थेट संबंध येतो.

शेत वेगळे, बाग वेगळी

गहू, ज्वारी किंवा कापूस घेणाऱ्याचे शेत हंगामापूर्वी मोकळे असते. अवजार एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत सरळ जाते आणि वळते. नांगर थोडा खोल गेला, तरी त्याने पिकाचे काही बिघडत नाही, कारण पीक अजून पेरायचेच असते. बागेत मात्र पीक आधीच उभे असते आणि ते पुढची वीस-तीस वर्षे तेथेच उभे राहावे अशी मालकाची इच्छा असते.

झाडांमधील अंतर हा पहिला फरक. नागपुरी संत्र्याची लागवड परंपरेने सहा बाय सहा मीटरवर करतात. एका हेक्टरात १०,००० चौरस मीटर आणि प्रत्येक झाडाला ३६ चौरस मीटर. म्हणजे हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. आंब्याच्या जुन्या बागांत दहा बाय दहा मीटर अंतर ठेवीत. तेथे हेक्टरी १०० झाडे आणि ट्रॅक्टरला ऐसपैस वाट. १९७० च्या दशकात पुसा संस्थेने दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून ‘आम्रपाली’ ही ठेंगणी जात दिली. ती अडीच बाय अडीच मीटरवर लावता येते, म्हणजे हेक्टरी १,६०० झाडे. उत्पादनाच्या दृष्टीने ही मोठीच झेप होती. पण सामान्य ट्रॅक्टरची रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास असते. अडीच मीटरच्या ओळीतून तो गेला, तर दोन्ही बाजूंना खोडापर्यंत जेमतेम हातभर जागा उरते आणि फांद्या पसरल्या की तीही उरत नाही. पुसाच्या एकाच आवारात झाडांच्या नव्या जाती घडवणारा फळशास्त्र विभाग आहे आणि यंत्रांचा अभ्यास करणारा कृषी अभियांत्रिकी विभागही आहे. झाड जवळ आले की यंत्राला लहान व्हावे लागते. या दोन विद्यांनी एकमेकींशी बोलत राहणे किती आवश्यक आहे, हे या एका उदाहरणावरून ध्यानात येईल. नाशिककडच्या द्राक्षबागांत अरुंद, लहान ट्रॅक्टर दिसतात ते याच कारणाने.

दुसरा फरक जमिनीच्या वर आहे. झुकलेल्या फांद्या, उभा धूर-नळकांडा, चालकाचे डोके. तिसरा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच तो सर्वांत महत्त्वाचा आहे. संत्रावर्गीय झाडांची अन्न व पाणी शोषणारी तंतुमुळे मोठ्या प्रमाणात वरच्या फूटभर थरातच पसरलेली असतात. तणाची मुळेही तेथेच असतात. यंत्राच्या पात्याला या दोन मुळांतला फरक कळत नाही.

परीक्षेपूर्वीची तयारी

शेतीच्या यंत्राची परीक्षा म्हणजे यंत्र सुरू करून पाहणे नव्हे. ज्या जमिनीत ते चालणार, त्या जमिनीचीच ओळख आधी करून घ्यावी लागते. आपले शेतकरी ‘वाफसा’ हा शब्द वापरतात. जमीन ना चिखलाची, ना दगडासारखी, अशा मशागतीस योग्य अवस्थेला वाफसा म्हणतात. अनुभवी माणूस मूठभर माती दाबून वाफसा ओळखतो. परीक्षकाला मात्र आकडा लागतो. तो निरनिराळ्या जागची माती घेऊन तिचे वजन करतो, ती भट्टीत १०५ अंश सेल्सिअसवर चोवीस तास वाळवतो आणि पुन्हा वजन करतो. ११५ ग्रॅम ओली माती वाळून १०० ग्रॅम भरली, तर ओलावा १५ टक्के. मातीची घट्टताही तो मोजतो. टोकदार शंकू जमिनीत दाबून त्याला किती जोर लागतो, हे पाहिले जाते.

हे सर्व का करायचे? तर एका जमिनीतील निकाल दुसऱ्या जमिनीला जसाच्या तसा लागू पडत नाही. दिल्लीच्या आसपासची यमुनेच्या गाळाची जमीन वालुकामय पोयट्याची आहे. ती सहज फुटते, पण तिच्यातील वाळूने पाती झिजतात. विदर्भातील काळी माती ओली असताना पात्यांना चिकटते आणि वाळल्यावर तिची ढेकळे फुटता फुटत नाहीत. बागपत जिल्ह्यातील रटौलच्या आमराईत उत्तम ठरलेले यंत्र काटोलच्या संत्राबागेत नापास होऊ शकते. म्हणून अहवालाच्या पहिल्याच पानावर जमिनीचा प्रकार आणि ओलावा शोधावा. ते नसतील, तर पुढच्या आकड्यांना फारसा अर्थ नाही.

काय काय मोजतात?

प्रथम वेग आणि रुंदी. रोटाव्हेटरची रुंदी दीड मीटर आणि वेग ताशी ३ किलोमीटर असेल, तर एका तासात ४,५०० चौरस मीटर, म्हणजे ०.४५ हेक्टर काम व्हावे. हे झाले कागदावरचे काम. प्रत्यक्षात ओळीच्या शेवटी वळावे लागते, फांदी आडवी येते, पात्यांत गुंतलेले गवत काढावे लागते. समजा, घड्याळ लावून मोजले, तेव्हा ०.३० हेक्टरच काम झाले. ०.३० ला ०.४५ ने भागले की कार्यक्षमता येते सुमारे ६७ टक्के. बागेत ओळी आखूड असतील आणि वळायला कडेला जागा नसेल, तर ती याहूनही खाली येते.

आता मेळ्यातील विक्रेत्याकडे परत जाऊ. एक एकर म्हणजे सुमारे ०.४०५ हेक्टर. ते अर्ध्या तासात संपवायचे, तर दीड मीटरचे यंत्र ताशी ५.४ किलोमीटर वेगाने, एकदाही न वळता, न थांबता चालले पाहिजे. बागेत हे कसे घडावे? वरच्या हिशेबाने एकराला तास-सव्वा तासाहून अधिक वेळ लागतो. विक्रेता खोटेच बोलत होता असे नाही. कदाचित त्याने मोकळ्या शेतातला, एखाद्या सरळ पट्ट्यातला वेग सांगितला असेल. आकडा कोणत्या परिस्थितीतला, हे न विचारण्याची चूक ऐकणाऱ्याची असते.

त्यानंतर खोली. ती एका जागी मोजून चालत नाही. अनेक ठिकाणी मोजून सरासरी काढावी लागते आणि सर्वांत खोल जागा कोणती, तेही लिहावे लागते. ट्रॅक्टरच्या चाकांची घसर मोजण्याची रीत सोपी आहे. चाकावर खडूची खूण करतात. अवजार उचललेले असताना चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर ४० मीटर गेला आणि अवजार जमिनीत असताना ३५ मीटर गेला, तर ५ मीटर घसरीत गेले, म्हणजे साडेबारा टक्के. घसर वाढली की डिझेल जळते, टायर झिजतो आणि जमीन दाबली जाते. डिझेलही असेच साधेपणाने मोजतात. सपाट जागी टाकी काठोकाठ भरायची, ठरलेले काम करायचे आणि पुन्हा त्याच जागी, त्याच खुणेपर्यंत मापाने भरायची.

नांगर, फणांचा कल्टिव्हेटर किंवा तव्यांचा कुळव यांना किती ओढ लागते, हे काढण्यासाठी दोन ट्रॅक्टर लागतात. ज्याला अवजार जोडले आहे, तो ट्रॅक्टर गिअरमधून मोकळा ठेवतात आणि दुसरा ट्रॅक्टर त्याला ओढतो. दोघांच्या मध्ये डायनॅमोमीटर हे ओढ मोजणारे उपकरण असते. अवजार जमिनीत असताना ४८० किलो आणि वर उचलल्यावर १८० किलो ओढ लागली, तर फरक ३०० किलो. ही अवजाराची खरी ओढ.

रोटाव्हेटरला मात्र ही कसोटी लावून उपयोग नाही. त्याची फिरती पाती माती मागे फेकतात आणि त्या धक्क्याने ट्रॅक्टरला उलट पुढेच ढकलतात. ओढ नसते म्हणून ताकद लागत नाही, असा गैरसमज यातूनच होतो. त्याची ताकद ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यातून, पी.टी.ओ.मधून जाते आणि तेथेच ती मोजावी लागते. हा दांडा मिनिटाला ५४० फेऱ्या घेतो. त्यावरचे संरक्षक आवरण शाबूत आहे की नाही, ही बाब परीक्षेत गौण मानली जाऊ नये. गळ्यातला पंचा किंवा सैल सदऱ्याचे टोक त्यात अडकले, तर माणसाला हात सोडवायला अवधी मिळत नाही.

पाठगत प्रश्न
१. ११८ ग्रॅम ओल्या मातीचे वाळल्यावर वजन १०० ग्रॅम भरले. ओलावा किती टक्के?
२. रोटाव्हेटरची ताकद ओढीवरून का मोजता येत नाही?

झाडाच्या बाजूने पाहिले तर

येथवर जे मोजले, ते यंत्राने काय केले याचे मोजमाप होते. बागेत आणखी एक बाजू असते, ती झाडाची.

सहा मीटरच्या चौकटीत लावलेल्या बागेत यंत्र खोडापासून एक मीटर दूर राहून चालले आणि एकाच दिशेने फिरले, तर प्रत्येक झाडाच्या ३६ चौरस मीटरांपैकी १२ चौरस मीटर पट्टा न चाळलेला राहतो, म्हणजे एक तृतीयांश. तेच आडवे-उभे असे दोन्ही दिशांनी फिरवले, तर खोडाभोवती दोन बाय दोन मीटरचा चौकोनच शिल्लक राहतो, म्हणजे चार चौरस मीटर किंवा सुमारे ११ टक्के. उरलेले काम खुरप्याने, कुदळीने करायचे. हा चौकोन आणखी लहान करण्यासाठी एका बाजूला सरकवून जोडलेले रोटाव्हेटर वापरतात. ट्रॅक्टर झाडाच्या घेराबाहेरून चालतो आणि अवजार फांद्यांखाली शिरते. खोडापासून अर्ध्या मीटरवर ते चालले, तर उरलेला चौकोन एक चौरस मीटरचाच, तीन टक्क्यांहूनही कमी. जाहिरातीत हा आकडा फार आकर्षक दिसतो. ‘बुंध्यापर्यंत’ या शब्दाचा अर्थ तो हाच.

परंतु तंतुमुळे याच भागात आहेत, हे आपण पाहिले. उघड्या ओळीत पंधरा सेंटीमीटर खोल जाणारे अवजार फांद्यांखालीही तितकेच खोल गेले, तर तणाबरोबर झाडाचे तोंडही कापले जाते. त्याच दिवशी काही दिसत नाही. बाग स्वच्छ, भुसभुशीत आणि देखणी दिसते. पात्याचा किंवा चौकटीचा घाव बुंध्यावर बसला असेल, तर तेथून फायटोप्थोरा नावाच्या बुरशीला वाट मिळते, विशेषतः पाणी साचणाऱ्या जमिनीत. सालीतून डिंक ओघळू लागतो. विदर्भातील बागाईतदार या रोगाला ‘डिंक्या’ म्हणतात. झाड पिवळे पडते, फळे लहान होतात आणि काही वर्षांनी मालक म्हणतो, ‘‘बाग उतरली.’’ यंत्राचे नाव तोवर कोणाच्या आठवणीत नसते.

म्हणून बागेसाठीच्या परीक्षेत ताशी काम आणि डिझेल यांच्या जोडीला आणखी काही गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत, असे आम्हाला वाटते. शंभर झाडांजवळून जाताना किती बुंध्यांना घाव बसला? फांद्यांखाली खोली वेगळी राखता येते काय? ठरावीक चौकोनातील माती चाळून त्यात कापलेली मुळे किती सापडली? यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. चाळणी, तराजू आणि चिकाटी पुरेशी आहे.

काही अवजारांना पुढे एक स्पर्शदांडी असते. ती खोडाला टेकली की तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा अवजार बाजूला ओढून घेते आणि झाड ओलांडल्यावर परत ओळीत आणते. कल्पना उत्तम आहे, पण तिचीही परीक्षा हवीच. दांडी टेकल्यापासून अवजार बाजूला होईपर्यंत अर्धा सेकंद लागतो असे धरू. ताशी २.७ किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर सेकंदाला ७५ सेंटीमीटर जातो, म्हणजे तेवढ्या वेळात ३७.५ सेंटीमीटर. दांडी पात्यांच्या पुढे त्याहून कमी अंतरावर बसवली असेल, तर झाडाला घाव ठरलेलाच. वेग ताशी १.८ किलोमीटर केला, तर हे अंतर २५ सेंटीमीटरवर येते. चालकाने किती वेगाने जावे, हे येथे डिझेलने नव्हे, त्या अर्ध्या सेकंदाने ठरते. चालकाचाही विचार करावा. बाजूला जोडलेले अवजार ट्रॅक्टरला एका अंगाला खेचते आणि खोड पाहण्यासाठी त्याला सारखी मान वळवावी लागते. सकाळी ज्याने एकही झाड दुखावले नाही, तो चौथ्या तासाला तितकाच सावध असेल का? दहा मिनिटांच्या प्रात्यक्षिकात हे कधीच कळत नाही. पात्यांची झीजही तासन्‌तास काम केल्यावरच, आधीचे आणि नंतरचे वजन ताडून कळते.

आता तो बागाईतदार विक्रेत्याला काय विचारील? अहवाल दाखवा, म्हणेल. जमीन कोणती होती, ओलावा किती होता, परीक्षा बागेत घेतली की मोकळ्या शेतात, असे विचारील. आणि शक्य झाले, तर आपल्याच बागेच्या कडेच्या दोन ओळींत, वाफसा असताना, ते यंत्र चालवून पाहील. नंतर हातात खुरपे घेऊन फांदीखाली बसेल, माती बाजूला सारील आणि तुटलेली मुळे मोजील.

स्वाध्याय
१. यंत्राची रुंदी १.२ मीटर, वेग ताशी २.५ किलोमीटर आहे. कागदावरचे ताशी काम किती? प्रत्यक्षात ०.१८ हेक्टर झाले, तर कार्यक्षमता किती टक्के?
२. आम्रपालीच्या दाट लागवडीमुळे मशागतीपुढे कोणती अडचण उभी राहते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या ट्रॅक्टरचालकाला भेटा. बागेत काम करताना तो खोली आणि वेग कसा ठरवतो, हे विचारून दहा ओळी लिहा.